बायजाबाईचा संशय

बायजाबाईचा कुणावर विश्वास नव्हता. पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात हे शेंबडं पोरही सांगे. मिठाचा हंगाम सुरू झाला की सगळा गाव आगरावरच्या झोपड्यांत राहायला जाई. लोक घराला कुलूप घालून जात. बायजाबाई दारच उतरवून नेई. कुलपाला किल्ली असते आणि एका किल्लीच्या दोन करायला पेणच्या बाजारात कितीसा वेळ लागतो, असं तिचं म्हणणं. दार बैलगाडीत घालायचं, वर आपण बसायचं आणि घराच्या तोंडाशी बाभळीची काटी रचून निघायचं. ते दार मग झोपडीला लागे. गाव हसे, पण तोंडावर हसायची छाती कुणाची नव्हती.

सगळ्यात जास्त संशय शेजारच्या जावेवर, हौसावर. कोंबडीनं अंडं दिलं नाही तर हौसा, वेलावरचा भोपळा कुजला तर हौसा. दोघींचं बोलणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. दोघीही विधवा, दोघींच्या घरांत एकच कुंपण. या साऱ्या संशयाला अपवाद एकच, धाकटा भाऊ पुंडलिक. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. तो रोह्याला हैबतरावांच्या भातगिरणीवर कामाला होता आणि त्याचं बायजाला कोण कौतुक!

सदुसष्ट साली ज्येष्ठात ती आगरावरून परतली, दार बसवलं, आणि आठवड्याच्या आत कोर्टाचा बेलीफ घराचा ताबा घ्यायला हजर झाला. तिच्या नवऱ्यानं मरण्याआधी हे घर आपल्याला विकलं, असा दावा हैबतरावांनी लावला होता. तारखेला बाई आली नाही, म्हणून कोर्टानं एकतर्फी हुकूम देऊन टाकला होता. बाईला दावाही ठाऊक नव्हता आणि तारीखही. तिनं बेलिफाला अंगणातच थोपवला, भांडून चार दिवसांची सवड मिळवली आणि तडक पेणला नासिर वकिलांकडे गेली. जाताना मनात एकच. हे काम हौसाचं.

वकिलांनी कोर्टातून बेलिफाच्या अहवालाची नक्कल काढली आणि वाचून दाखवली. "फेब्रुवारीच्या सतरा तारखेला बेलीफ समन्स घेऊन आला. तुम्ही घरात होतात. समन्स घ्यायला नकार दिलात आणि दार लावून घेतलंत. म्हणून त्यानं ते दारावर डकवलं."

"कंचं दार?" बायजाबाई म्हणाली.

सगळं ऐकल्यावर नासिर वकील डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हा हैबतरावाला मिळालेला तर नाही ना, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ते म्हणाले, "हुकूम कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. तो करतो, ताब्यालाही स्थगिती मागतो. पण त्या दिवशी दार नव्हतं हे पाहिलेला माणूस हवा. आणि बेलिफाला घर दाखवणारा म्हणून पुंडलिक नावाच्या इसमाची सही आहे. ओळखता?"

"पुंडलिक काय एकच हाय रोह्या-पेणात?" ती ताडकन म्हणाली. उभ्या गावाची नावं तिनं त्या दिवशी घेतली असती, हे एक सोडून.

दार नसलेलं पाहिलेलं माणूस एकच. पाय मोडल्यामुळे हौसा त्या वर्षी आगरावर गेली नव्हती. घरासाठी बायजा कुंपणाशी गेली आणि मान वळवून बोलली. हौसा म्हणाली, "येते." एवढंच. ताब्याला स्थगिती मिळून तारीख लागेपर्यंत त्या एका शब्दानं बायजाला कुरतडलं. इतक्या सहज कोण येतं?

कोर्टात हैबतरावांचा साक्षीदार पुकारला गेला आणि पिंजऱ्यात पुंडलिक चढला. तिचाच पुंडलिक. त्यानं शपथ घेतली, घर आपण दाखवलं म्हणाला.

"बाईंनी दार लावलेलं तुम्ही पाहिलंत?" नासिर वकिलांनी विचारलं.

"व्हय."

"कडी घातली?"

"आवाज आयकला."

तो वर पंख्याकडे बघत होता.

मग हौसा लंगडत वर आली. "साहेब, ही बया पौषात दार घेऊन गेली ती ज्येष्ठात आली. मधी त्या घरात मांजर सुदिक शिरलं नाय."

"इतक्या खात्रीनं कसं सांगता?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"बारा वरसं ती माझ्या घरावर नजर ठेवून हाय, आन् मी तिच्या. नुस्ती बसून व्हते. दुसरं काय करनार?"

कोर्ट हसलं. साहेबांनी मात्र न हसता सांगितलं, की समन्सची बजावणी झालेलीच नाही. एकतर्फी हुकूम रद्द झाला. दावा आता पहिल्यापासून चालणार होता आणि तोवर घराला कुणी हात लावणार नव्हतं.

बाहेर पुंडलिक आडवा आला. "ताय, मालकानं कागद पुढं केला, म्या सही केली. आज पन त्यानंच उभा केला. नाय म्हनलो असतो तर गिरनी सुटली असती."

एरवी तिनं दहा प्रश्न विचारले असते. आज तिनं एकही विचारला नाही.

"सगल्या गावाचा संशय घेतला रे मी," ती म्हणाली. "एकल्या तुझाच घ्यायचा ऱ्हायला."

मग वळून हौसाला म्हणाली, "चल गो."