अच्युतचं तिसरं प्रकरण

अच्युत पिंपळखुटेला खुर्ची कधी मानवलीच नाही. जेवायला बसला तरी एक पाय उठायच्या तयारीत. मदन महल स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या की बायको कुंदा ओरडायची, "अहो, बसा ना जरा! फरशी झिजून राहिली." आणि रेल्वेतून रिटायर झालेले त्याचे वडील, अण्णा, पेपराआडून म्हणायचे, "पायाला भिंगरी लावूनच जन्मला तो. सोड त्याला."

तर अशा या माणसानं छत्तिसाव्या वर्षी एम.बी.ए.ला नाव घातलं. संध्याकाळचे वर्ग, नोकरी करणाऱ्यांसाठी. तेव्हा जबलपुरात ही तीन अक्षरं फारशी कुणाला ठाऊक नव्हती. कुंदाच्या महिला मंडळातल्या भानुमतीबाईंनी ती एम.बी.बी.एस. अशीच धरली आणि भेटेल तिथं त्या त्याला आपला गुडघा दाखवू लागल्या. "डॉक्टर, कधी संपतंय तुमचं?" तो सांगून थकला. शेवटी "शेक घ्या" म्हणायला लागला.

अच्युत कारखान्यात चार्जमन होता. कोणत्या कारखान्यात, ते विचारू नका. गावात लढाईचं सामान बनवणारे कारखाने काय एक-दोन आहेत? चौदा वर्षं तो एका शॉपवर, म्हणजे तिथल्या एका विभागावर, देखरेख करत होता आणि चौदा वर्षं त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब होऊन त्याच्याच डोक्यावर बसत होती. वरची जागा हवी तर पदव्युत्तर पदवी हवी, तीही पहिल्या वर्गात, आणि चाळिशीच्या आत. आता तो एकोणचाळीसचा होता. म्हणजे हा शेवटचा डाव. हुकला की जन्मभर चार्जमन.

चार वाजता भोंगा झाला की तो सायकल हाणत कॉलेज गाठायचा. हाताला कटिंग ऑइलचा वास, मागच्या बाकावर बसून डुलक्या, आणि डुलकीतही पाय हलतोय. पण शेवटच्या वर्षीच्या प्रबंधानं त्याला झपाटलं. विषय त्यानं आपल्याच शॉपचा घेतला. माल वेळेवर का निघत नाही? साहेब लोक म्हणत, लेथच्या यंत्रावरचे लेथवाले कामचुकार. अच्युतनं सहा महिने वहीत टिपणं केली आणि त्याला दिसलं की लेथवाले बिचारे मरमर काम करतात. माल तुंबतो तपासणीच्या टेबलापाशी. टेबल एक, तपासनीस एक. मागून जितकी घाई करावी तितका ढीग वाढतो. उपाय साधा होता. प्रत्येक लेथवाल्याच्या हाती मापाचं गेज द्यायचं. आपला नग त्यानंच मापायचा, शंका येईल तेवढाच टेबलावर पाठवायचा.

बाकीची प्रकरणं पुस्तकी होती, हे सगळं फक्त तिसऱ्या प्रकरणात आलं. रोजचे नग, पाळीवार तक्ते, कुठल्या यंत्रावर काय, सगळं तारखेनिशी. कुंदा एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. तिनं कचेरीच्या परवानगीनं सुटीच्या दिवशी बसून, कार्बन घालून तीन प्रती काढल्या. "तुमच्या तक्त्यांनी माझी बोटं मोडली हो," म्हणाली. पण ते प्रकरण वाचून तीही चकित झाली होती. नोव्हेंबरअखेर दोन प्रती कॉलेजात गेल्या, एक घरी राहिली.

आणि एकाहत्तरच्या तीन डिसेंबरला पाकिस्तानशी लढाई लागली.

चार तारखेला सकाळी साहेबांनी सगळ्यांना फाटकाशी उभं केलं. म्हणाले, इथं किती बनतं, काय बनतं, कधी बनतं, हे घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही. नोकरीत लागताना प्रत्येकानं सही केली आहे, आठवा. बाकीचे माना डोलावून आत गेले. अच्युतच्या पायाखालची जमीन सरकली. बायकोला? अरे देवा, बायकोनं तर टाइप केलंय! तीन प्रतींत! आणि कॉलेजच्या कपाटातून ते पुढं कुणाच्या हाती पडणार, कोण जाणे. चोरी करायची म्हणून त्यानं काही केलं नव्हतं. अभ्यासाच्या नादात ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सुट्टी होताच तो कॉलेजात धडकला. विभागप्रमुख दुबेजी पान लावत होते. अच्युतनं दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. दुबेजी हसले.

"अरे भाई, थीसिस पढ़ता कौन है? मैं भी नहीं पढ़ता!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पिपलखूटे जी, सच कहूँ? आपका तीसरा अध्याय मैंने पढ़ा है। वही तो जान है। फर्स्ट क्लास पक्का। निकाल दोगे तो बचेगा क्या?"

"सर, एक्स्टर्नल परीक्षकांची प्रत गेली का?"

"सोमवार को जाएगी।"

"नको. द्या. दोन्ही द्या."

"पंद्रह तारीख आखिरी है। उसके बाद मैं कुछ नहीं कर सकता।"

दोन्ही प्रती छातीशी धरून तो बाहेर आला. खरं सांगायचं तर वाटेतल्या पुलापाशी तो सायकलवरून उतरला आणि परत फिरायचं मनात आलं त्याच्या. दुबेजी खोटं थोडंच बोलत होते? कोण वाचणार होतं? तीन वर्षं, चौदा वर्षं, सगळं त्या साठ पानांत होतं. बराच वेळ तो तिथं पुढं-मागं करत राहिला. मग घरी आला आणि त्यानं तिन्ही प्रतींतलं तिसरं प्रकरण उसवून न्हाणीघरातल्या बंबात घातलं. वहीसुद्धा. कुंदा दाराशी उभी होती. तिच्या बोटांची मेहनत जळत होती. ती एवढंच म्हणाली, "आज पाणी चांगलंच तापलंय. आंघोळ करून घ्या."

उरले अकरा दिवस, त्यात कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी. प्रकरणाशिवाय प्रबंध म्हणजे नवऱ्या मुलाशिवाय वरात! अच्युतला धड जेवण जाईना. रविवारी दुपारी कुंदा वैतागून म्हणाली, "घरात चकरा मारून काय होऊन राहिलं? चला माझ्यासोबत मंडळात. लोकरीची पोती तरी उचला."

मंडळाच्या हॉलमध्ये चाळीस बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. सुया भराभर चालत होत्या, जिभा त्याहून भराभर. पण गाडीला लावायचे गठ्ठे काही बांधून होत नव्हते. कोपऱ्यात भानुमतीबाई टेप घेऊन प्रत्येक स्वेटर मापत होत्या, बाही आखूड निघाली की परत फेकत होत्या, आणि त्यांच्यासमोर ढीग त्यांच्या खांद्याला लागला होता. "हात चालवा गं पोरींनो!" त्याच ओरडत होत्या.

अच्युत दारातच थबकला. "कुंदा," तो म्हणाला, "ढीग बघ."

तिनं बघितलं. तक्ते तिनंच टाइप केले होते, तिला सांगावं लागलं नाही. "हाय रे राम," ती पुटपुटली, "भानुमतीबाई म्हणजे तुमचं टेबल!"

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. सहा दिवस पाळीच्या आधी किंवा नंतर तो हॉलमध्ये उभा राहून टिपत होता. बायकांनी त्याला सळो की पळो केलं. "काहून हो भाऊजी, आमच्या सुया मोजून राहिले काय?" तिसऱ्या दिवशी त्यानं प्रत्येकीला दोन गाठी मारलेला एक धागा दिला. बाही या गाठीपर्यंत, अंग त्या गाठीपर्यंत. आपलं आपण मापा, शंका आली तरच बाईंकडे जा. भानुमतीबाई भडकल्या. "मग मी काय करू? टाळ कुटू?" पण दोन दिवसांत ढीग ओसरला आणि गठ्ठे वेळेवर स्टेशनावर गेले. बाई स्वतःच सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमच्या डॉक्टरांनी औषध दिलं."

ते बघून अच्युतला धीर आला. चौदा वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन त्यानं शॉपची गोष्ट तोंडी सांगितली. कागद नाही, आकडा नाही. साहेबांनी वर न बघताच ऐकलं. दुसऱ्या दिवशी लेथवाल्यांना गेजं वाटली गेली. काय फरक पडला ते मी सांगणार नाही, कारण अच्युतनंही कधी सांगितलं नाही. एवढंच ठाऊक आहे की टेबलापाशी आता वाट मोकळी असायची, आणि तिथून जाताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

पंधरा तारखेला, कचेरी बंद व्हायच्या आत, कुंदानं पुन्हा टाइप केलेलं स्वेटरांचं तिसरं प्रकरण दाखल झालं. सोळाला लढाई संपली. गावात पेढे वाटले. दुबेजी म्हणाले, "देखा? एक दिन की बात थी!" 

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक कडक इस्त्रीचे होते. प्रबंध चाळून म्हणाले, "स्वेटर? पदवी व्यवस्थापनाची आणि अभ्यास विणकामाचा?"

"हो सर."

"बरं. ही तुमची युक्ती खऱ्या कारखान्यात चालेल?"

अच्युतच्या डोळ्यांसमोर टेबलाजवळची ती मोकळी वाट आली. जिभेवर आलं होतं. टेबलाखाली पाय थडथड उडत होता. दुबेजी नजरेनं म्हणत होते, बोल ना बाबा, एक वाक्य बोल.

"विणकामात चालली सर," तो म्हणाला. "पुढचं मी सांगू शकत नाही."

एप्रिलमध्ये निकाल आला. पास. दुसरा वर्ग. पहिला चार गुणांनी हुकला होता. दुबेजींनी हळहळून परीक्षकांचा शेराही उतरवून पाठवला होता. कुंदानं तो मोठ्यानं वाचला: "कल्पना बरी आहे. परंतु लेखकाला प्रत्यक्ष कारखान्याचा अनुभव असावा असे दिसत नाही."

कुंदाचा पारा चढला. "अनुभव नाही? चौदा वर्षं! थांबा, मीच लिहिते त्या मेल्याला. सांगते की..."

"काय सांगशील?" अच्युत म्हणाला.

तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अच्युत खिडकीपाशी गेला, दाराशी आला, पुन्हा खिडकीपाशी गेला. साहेबाची जागा गेली होती, आणि ती का गेली हे जन्मात कुणाला सांगता येणार नव्हतं.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "कुंदा, तो शेरा परत वाच."

तिनं रडत रडत वाचला.

"म्हणजे," अण्णा म्हणाले, "सगळा प्रबंध वाचूनही त्याला कारखान्यातलं काहीच कळलं नाही?"

"नाही," अच्युत म्हणाला.

"शाब्बास माझ्या पोरा."

 अच्युतनं त्यांच्याशेजारची खुर्ची ओढली आणि बसला. संध्याकाळचा चहा होईपर्यंत तो उठला नाही.