शहाडच्या दारातली रांगोळी

निवृत्तीनंतर कितीतरी गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. ही घटना मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि गंमत म्हणजे तिच्यात गुन्हा नव्हताच.

तेव्हा पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक ठाणे शहरात होती. सकाळची हजेरी संपत असताना वर्तकनगरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, आमच्या एका बाईंनी हॉल बुक केलाय. मोबाइलवरच्या बारा मैत्रिणी जमणारेत. एकीनेही दुसरीला पाहिलेलं नाही! फ्रॉड आहे बघा."

बाईंना बोलावून घेतलं. साठीच्या, निवृत्त शिक्षिका. मी दरडावण्याआधी त्याच म्हणाल्या, "बरं झालं बोलावलंत. मीच येणार होते."

त्यांचा रांगोळीचा ग्रुप होता. रोज सकाळी प्रत्येकीने आपल्या दारातल्या रांगोळीचा फोटो टाकायचा. चार वर्षं हे चाललेलं, आणि आज पहिली भेट. पण शहाडच्या मैत्रिणीची रांगोळी दोन दिवस आली नव्हती. फोनही बंद.

"सुतक असेल," मी म्हणालो.

"आम्हीही तेच समजलो हो. सुतकात दारात रांगोळी नसते, मग विचारायचं कसं? म्हणून सगळ्या गप्प बसलो. चुकलंच आमचं. पण आज पुरणपोळ्या ती आणणार होती. येत नाही, एवढं तरी कळवलं असतं ना? एकटी राहते ती, साहेब."

स्टेशन डायरीत नोंद केली. सिम भलत्याच कोणाच्या नावावर होतं, त्यावरचा पत्ताही जुना निघाला. तिचं आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मी हात टेकले, बाईंनी नाही. त्या मला हॉलवर घेऊन गेल्या. एव्हाना डोंबिवली, नाशिक, पुण्याहून सात-आठजणी हॉलवर पोचल्या होत्या. पिशव्या बाजूला टाकून त्या जुने फोटो धुंडाळायला बसल्या.

"लक्ष्मीपूजनाचा काढ गं, तो तिने लांबून घेतलेला."

त्यात निळा कठडा होता आणि कठड्यापलीकडे नदीवरचा पूल. एकीने तुटक्या पायरीचा कोपरा दाखवला, दुसरीने दाराशेजारचा खोली नंबर मोठा करून दिला. घर कोणीच आतून पाहिलं नव्हतं, उंबरा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता. मी एकेक खूण टिपून घेतली.

फोटो शहाडला गस्तीवर असलेल्या बीट मार्शलकडे गेले. तासाभरात फोन आला. पंचांसमक्ष दार तोडलं होतं. बाई न्हाणीघरात पडलेल्या, खुबा मोडलेला. हाताशी पाण्याची बादली होती म्हणून तगल्या होत्या.

पहिली भेट मग हॉस्पिटलमध्येच झाली. मीही गेलो. कॉटवरच्या बाई त्या अनोळखी चेहऱ्यांकडे गोंधळून पाहत होत्या. एकजण पुढे झाली. "अगं, मी. रोज कोपऱ्यात कासव काढते ती." दुसरी म्हणाली, "मी ठिपके चुकवणारी." पडल्या पडल्या बाईंनी एकेकीला नावाने हाक मारली.

आडनाव, पत्ता, ओळखपत्र यांवरून माणूस ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. त्या बायकांकडे यातलं काहीच नव्हतं, तरी तिच्या घरापर्यंत त्याच पोचल्या.

संध्याकाळी घरी आलो. समोरच्या घरात एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहायचे. नऊ वर्षांचा आमचा शेजार. त्यांना शेवटचं कधी पाहिलं, काही केल्या आठवेना. मी किल्ली खिशात ठेवली आणि त्यांची बेल वाजवली.