हर्णेच्या बंदरावर मुका झालेला गायक

‘टूर मॅनेजर’ ही पदवी मला अशोकदादांनी दिली. पगार वाढवून मागितला तेव्हा पैशांऐवजी पदवी मिळाली! काम तेच: गाडी ठरवायची, खोल्या बघायच्या आणि कुणाला काय खाऊन त्रास होतो ते लक्षात ठेवायचं. आमचा भीमगीतांचा संच छोटा आहे. गायक अशोकदादा, पेटीवर सुनंदाताई, ढोलकीवर बबन.

जानेवारीत हर्णेजवळच्या एका वाडीतून फोन आला. विहाराचा सभामंडप बांधून झाला होता, उद्‌घाटनाला गाणी हवी होती. मी लगेच हो म्हटलं, पण दादा तयार होईनात. मागच्या कार्यक्रमात त्यांचा आवाज मध्येच फाटला होता आणि ते स्टेजवरून उतरून थेट गाडीत जाऊन बसले होते. त्यानंतर ते गायलेच नव्हते.

“येतो,” शेवटी ते म्हणाले. “पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मौन. माइक हातात येईपर्यंत एक शब्द नाही.”

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत आम्ही दापोली गाठली. घाटात वळणं भरपूर, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. (बबन मागे बसला. जास्त लिहीत नाही.) दापोलीत दोन हजारांत दोन स्वच्छ खोल्या मिळाल्या, आणि सकाळी मालकीणबाईंनी केलेले जाळीदार घावणे. दादांनी मौनातच सहा खाल्ले.

वाडीवर संध्याकाळी पोहोचायचं होतं, म्हणून दुपारी हर्णे बंदरावर गेलो. तिथला मासळीचा लिलाव चुकवू नका. होड्या लांब उभ्या राहतात, मासळी किनाऱ्यावर येते आणि वाळूतच बोली सुरू होते. चपला जुन्या घाला. मी गाडी लावायला गेले आणि तेवढ्यात घोळ झाला.

दादांना कोमट पाणी हवं होतं. त्यांनी सुनंदाताईंकडे बघून अंगठा तोंडाला लावला, मग दोन बोटं वर केली: दोन पेले. लिलाव पुकारणाऱ्या चाचांनी ती बोली धरली. दादा घाबरून दोन्ही हात हलवायला लागले. बोली आणखी चढली! मी पोहोचले तेव्हा बांगड्यांचा अख्खा टब दादांच्या पायाशी होता.

“बोला की, घेताय ना?” चाचा विचारत होते.

दादा ओठ घट्ट मिटून उभे. बबनला राहवलं नाही. “अहो चाचा, बोलता येत नाही त्यांना!”

 चाचांचा चेहरा उतरला. “माफ करा, भाऊ,” म्हणत त्यांनी टब मागे घेतला आणि वर चार बांगडे पिशवीत घालून दादांच्या हातात दिले. शेजारी मासळी घेणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या बाई नेमक्या आमचा कार्यक्रम होता त्याच वाडीच्या निघाल्या, आणि रिक्षाने आमच्या आधी पोहोचल्या.

वाडीत शिरलो तर स्वागताला सगळे उभे, पण मयताला जमल्यासारखे. कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, कळलं आम्हाला. एवढा मोठा गायक, आणि वाचाच गेली!”

“सर, तसं काही नाही. मौन आहे त्यांचं.”

“आमचं मन राखू नका. सोय केलीय आम्ही. दादांनी नुसते ओठ हलवायचे, मागून मोबाइलवर त्यांचीच गाणी लावतो. पोरांना सांगून ठेवलंय, कोण हसायचं नाय.”

“सर, ते खरंच गाणार आहेत!”

“गातील, गातील,” त्यांनी मलाच धीर दिला.

दिवेलागणीला मंडप भरला. दादा माइकपुढे उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी पहिली ओळ उचलली. आणि त्याच क्षणी स्पीकरमधून दुसरे, दहा वर्षांपूर्वीचे अशोकदादा दोन पट्ट्या वर गायला लागले. सुनंदाताईंची बोटं पेटीवर थिजली. दादा थांबले, तरी दादा गातच होते.

“अरे बंद करा ते!” दादा कडाडले. “मी जिवंत आहे!”

गाणं तुटलं.  मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजी उठल्या, काठी टेकत स्टेजपाशी आल्या आणि दादांचा गळा चाचपत रडायला लागल्या. “बोललास रं बाबा! आमच्या वाडीत वाचा फुटली तुझी!”

मी पुढे झाले, पण दादांनी नजरेनंच मला थांबवलं. ते वाकले, आजींचे हात धरून म्हणाले, “हो आजी. तुमच्याच वाडीत.” आणि मग ते असे गायले, की बबन ढोलकीवर मागे पडायला लागला.

परतीच्या वाटेवर दादा मंडणगडपासून पुण्यापर्यंत अखंड बोलत होते. माझं डोकं उठलं, पण गप्प बसा म्हणायची हिंमत झाली नाही.

आठवड्यानं अध्यक्षांच्या फोनवरून आजींचा आवाजी निरोप आला: “बोलतोय ना अजून?” मी तो दादांना ऐकवला. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग उत्तराचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि बोललेच नाहीत, सरळ गायला लागले.