दाजींचा डबा

मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला स्टीलच्या डब्याने मारलं आहे. कपाळावर, दोनदा. खूण अजून दिसते आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

तेव्हा आम्ही परदेशात, हौगांगला नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. माझी नोकरी चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत. नवरा मरीन इंजिनिअर, पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला, हात नुसते लोखंडाचे. त्या वर्षी त्याच्या आतड्यात कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. उलटी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. नव्हतं. त्याचं सगळं अंग पिळवटून निघायचं. बेसिनच्या कडा धरून तो ओरडायचा, आणि पोटात थेंब उरला नसला तरी ते थांबायचं नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. समोर आणलेलं ताट तो भिंतीवर फेकायचा. एकदा मीही फेकलं, तो जेवत नाही म्हणून. आमच्या घराच्या भिंतीवर त्या वर्षी हळदीचे डाग होते.

एकदा मी डॉक्टरबाईंना विचारलं, दुसऱ्या देशांत यावर गांजाचं औषध देतात म्हणे. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काही देशांत देतात. पण मोजून, अगदी थोड्यापासून सुरू करून, रुग्णाचं हृदय आणि बाकीची औषधं बघून. पोटातून घेतलेलं चढायला तास-दोन तास लागतात, आणि लोक तेवढ्यात दुसऱ्यांदा घेऊन बसतात. इथे ते कायद्याने बंद आहे, तुम्ही शोधायलासुद्धा जाऊ नका.

हे सगळं मी रडत रडत फोनवर पुण्याला भावाला सांगितलं. त्याने त्यातलं 'देतात' एवढंच ऐकलं.

दिवाळीत तो भाऊबीजेसाठी आला. सकाळी विमानातून उतरला, बॅगेतून आईचा फराळ काढून ओट्यावर मांडला आणि आंघोळ करून आडवा झाला. चकल्या, शंकरपाळे, चिवडा, आणि तांबडा दोरा बांधलेला एक वेगळा स्टीलचा डबा. दोरा सोडला तर आत डिंकाचे लाडू. मला भरून आलं. जावयाच्या अंगात ताकद यावी म्हणून आईने मुद्दाम वेगळे वळलेत, असं वाटलं. एक नवऱ्याला दिला. मग आपल्या रिवाजाप्रमाणे शेजारी द्यायचं ताट भरलं, त्यात दोन ठेवले, आणि शेजारच्या चिनी आजींना देऊन आले.

आणि मग आक्रीत झालं. तासाभराने नवरा म्हणाला, "अगं, वरणभात आहे का?" तो ताटभर जेवला. ताट चाटूनपुसून साफ केलं आणि वर अजून एक लाडू मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. इतक्या महिन्यांत मी इतकी खूश झाले नव्हते.

चारच्या सुमाराला भाऊ उठून आला. उघडा डबा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, यातले कुणी खाल्ले?"

"का?"

"ते दाजींसाठी होते. अर्धा अर्धाच द्यायचा होता. मी उठलो की सांगणारच होतो."

"काय आहे त्यात?"

"भांग. वैद्यांकडची आहे गं, तुपात परतलेली. आईला सांगितलं, चूर्ण आहे."

"किती घातली?"

"आईने घातली. अंदाजाने."

अंदाजाने. मीठ घालतात तसं.

"अरे, विमानात इमिग्रेशनचं पांढरं कार्ड भरलंस ना? त्यावर लाल अक्षरांत काय लिहिलं होतं? ड्रग्ज आणलं तर फाशी."

"ते ड्रग्जवाल्यांसाठी. पावडर, इंजेक्शन वगैरे. हे औषध आहे, ताई."

भाऊ स्वतः इंजिनिअर माणूस, हाताखाली चाळीस लोक, आणि मृत्युदंडाच्या ताकिदीखाली सही करून तो डबा घेऊन आला होता. कारण तो आईने भरला होता.

मी शेजारी धावले. आजींच्या हातात लाडू होता, तोंडाशी. मी तो हिसकावला. त्यांचं मनगट पिरगळलं गेलं, ताट फरशीवर आपटलं, चकल्यांचा चुरा झाला. "व्हाय यू लाइक दॅट!" असं का वागतेस, म्हणून त्या इथल्या इंग्रजीत ओरडल्या. मी दुसरा लाडू उचलून पळाले. त्यांना काही सांगता येण्यासारखं नव्हतं. आजी पुढे माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

दारात नवरा उभा होता. डोळे लाल, घामाने निथळलेला. मी कोण हे त्याला कळत नव्हतं. "मारायला आलेत," असं म्हणाला आणि त्याने माझा गळा धरला. केमोने निम्मा झालेला माणूस, पण ते हात तेच होते. माझं डोकं दोनदा दारावर आपटलं. तिसऱ्या वेळी मला नीट दिसेनासं झालं. भावाने त्याला मागून धरून खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसला. नवरा त्याच्या हाताला चावला. मग एकदम सगळा जोर गेला, छाती धडधडायला लागली, ओठ पांढरे पडले.

मी फोन करून अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत लाडू कुस्करून संडासात सोडले, डबा धुतला, आणि त्याच डब्याने भावाला हाणलं. तो नुसता उभा राहिला. हातही वर केला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? भाऊ माझ्या मागे उभा होता, कपाळावर रुमाल दाबून. एका बाजूला नवऱ्याचं हृदय, दुसऱ्या बाजूला भावाची मान. मी म्हणाले, दिवाळीचा फराळ. गोडधोड.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. माझ्या गळ्यावरच्या वळांकडे बघून ते म्हणाले, कॅन्सर मेंदूत गेला असावा, स्कॅन करू.

हे नवऱ्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर होता, नाडी ठीक होती. पण माझ्याकडे बघेना. सकाळभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग म्हणाला, "मी तुझा गळा दाबला ना? आता मला घरी नेऊ नकोस. डोक्यात गेलंय. एखाद्या दिवशी मी तुला मारून टाकीन."

पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस स्वतःच्या हातांना घाबरला होता. त्याने ते पांघरुणाखाली लपवले होते.

शेजारच्या खाटेवर कुणी मराठी नव्हतं. तरी मी वाकून त्याच्या कानात सांगितलं. सगळं. मी पुण्याला केलेल्या फोनपासून.

त्याने पांघरुणाखालून हात बाहेर काढले. मग म्हणाला, "त्याला बोलाव."

भाऊ येऊन खाटेवर वाकला. नवऱ्याने त्याची कॉलर धरली आणि सुई टोचलेल्याच हाताने त्याच्या थोबाडीत मारली. सुई निघाली, चादरीवर रक्त उडालं. दुसरी मारायला हात उचलला, पण तो तसाच राहिला. कॉलर धरूनच तो रडायला लागला.

"जेवलो होतो रे मी," तो म्हणाला. "ताटभर जेवलो होतो."

नर्स धावत आली. हातावर कापूस दाबत तिने मला विचारलं, डॉक्टरांना सांगण्यासारखं अजून काही आहे का?

मी भावाकडे बघितलं. संध्याकाळचं त्याचं विमान होतं.

"नाही," मी म्हणाले. आणि ते नवऱ्याला मेंदूच्या स्कॅनसाठी घेऊन गेले.