इंदूने प्रूफ तपासलं तेव्हा

आज सकाळी तळा गावी, तिच्या घरी, इंदू वारली.
तिने आयुष्यात एकाच माणसाची जिरवली. मला त्याचा आजही आनंद आहे.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या कॉलेजात आम्ही दोघी एम.एस्सी.ला. ती म्हसळ्याजवळच्या शेतकरी घरातली.

सुट्टीत ती गावच्या देवराईतला पातेरा, म्हणजे झाडांखाली कुजत पडलेली पानं, पिशवीत भरून आणायची. एकदा मीही गेले होते.
"आमी भाताच्या वाफ्यात राब भाजाया पातेरा नेतो, ही शिकाया नेते," तिची आई हसत म्हणाली.

लॅबमध्ये ओल्या टीपकागदावर ती पानं ठेवायची.
हिरड्याच्या एका पानावर तिला केसासारखी काळी बुरशी दिसली. कुठल्याच पुस्तकात नसलेली.
दोन वर्षं ती तिची चित्रं काढत होती.

आमच्या गाइड सरांनी ती चित्रं घेतली. नवा जीनस, म्हणजे बुरशीची नवी प्रजाती, म्हणून पेपर लिहिला. नाव एकट्याचं.

"सर, माझं नाव?"
"पातेरा गोळा करणाऱ्यांची नावं छापत नाहीत. प्रूफ आलंय, स्पेलिंग तेवढं बघ."

त्याच आठवड्यात तिला कळलं होतं, बुरशी एक नाही, दोन आहेत. एक दुसरीच्या अंगावर वाढलेली. देठ एकीचा, बीजाणू दुसरीचे. सरांनी दोन्ही मिळून एकच नाव ठेवलं होतं.

"सांगतेस ना त्यांना?" मी विचारलं.
"न्हाय."

प्रूफवर तिने लिहिलं, स्पेलिंग बरोबर आहे.
मीही गप्प बसले.

पेपर छापून आला. सरांचा सत्कार झाला. शाल, हार, सगळं. इंदूने टाळ्या वाजवल्या.
आणि दोन्ही बुरश्या वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायला घेतल्या.

वर्षभराने त्याच जर्नलमध्ये तिचं दोन पानी टिपण आलं. सरांचा जीनस रद्द. बीजाणूवाली बुरशी जुनीच, माहितीतली. काळ्या देठाची तेवढी नवी. तिचं नाव इंदूने ठेवलं.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, मी बाहेर उभी.
"तुला माहीत होतं?"
"व्हय."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही स्पेलिंग बघायला सांगितलं होतंत."

तिला पुढे पीएच.डी.ला कुणी गाइड मिळाला नाही. रिटायर होईपर्यंत तळा गावच्या शाळेत सायन्स शिकवलं.
सर प्रिन्सिपॉल झाले. पण परदेशी पाहुणे आले की पहिल्यांदा त्या रद्द झालेल्या जीनसबद्दलच विचारायचे. मी त्याच कॉलेजात नोकरीला, चहाचा ट्रे धरून शेजारी. काय गोड वाटायचं!

गेल्या महिन्यात तिला भेटले. नाकात नळी होती.
"सरांना माफ केलंस का गं?"
"कशापायी?" म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसली.

मीही केलेलं नाही, इंदू.
नीट जा. मनापासून निरोप.