ब्रेकचं पाणी

शर्यतीच्या मैदानावर तिला सगळे मापबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. आठवडाभर ती सरकारी वजनमापं खात्यात निरीक्षक होती. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं उलटी करून बुडाला काय चिकटवलंय ते बघायचं, मापाच्या तळाला नखानं टिचकी मारून तो दुहेरी तर नाही ना हे ऐकायचं, आणि सगळं ठीक असलं तर शिशाचं सील पकडीनं दाबून द्यायचं, हे तिचं काम. या कामात माणसावर विश्वास ठेवून चालत नाही. आणि नोकरीत लागलेली सवय घरी येताना काही दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही.

नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. शांत, मिश्कील माणूस. तो म्हणायचा, "आमच्या हिला देव जरी प्रसन्न झाला, तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल."

मैदानावर ती कशी आली, तर तिच्या धाकट्या भावामुळे. भावाचं गॅरेज होतं. लहानपणापासून स्क्रू-नट खिशात घेऊन हिंडायचा म्हणून त्याचं नाव पडलं नट्या, आणि चाळिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं. तो स्वतः गाड्या बांधायचा आणि स्वतःच शर्यतीत चालवायचा. शर्यतीच्या गाड्या म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत गाड्या नव्हेत. गॅरेजवाले, वेल्डर, लेथवाले असले हौशी लोक घरच्या घरी सांगाडा जोडून, कुठलंतरी इंजिन बसवून आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या पुढे काढायचे. दोन वर्षांपूर्वी एकाची गाडी वळणावर मधोमध मोडली. गाडी हलकी व्हावी म्हणून त्यानं सांगाड्याच्या नळ्या इतक्या बारीक घेतल्या होत्या की त्या काडीसारख्या तुटल्या. तो माणूस वाचला, पण पाय कायमचे अधू झाले. तेव्हा शर्यती भरवणाऱ्या मंडळानं नियम केला, की अमुक वजनाच्या खाली गाडी चालणार नाही, आणि वजन शर्यत संपल्यावर होईल. काटा आला, पण काट्यावर बसायचं कुणी? अध्यक्ष टायरचे व्यापारी होते. ते म्हणाले, "ज्याच्यापुढं दुकानदार चळाचळा कापतात, असं माणूस हवं." अशी ती आली.

नियम लिहितानाच तिनं एक वाक्य घालून घेतलं होतं. शर्यतीत रेडिएटरचं पाणी उकळून उडतं, तेल जळतं; प्रामाणिक माणसाची गाडी उगाच कमी भरू नये, म्हणून काट्यावर चढवण्याआधी पाणी आणि तेल पूर्वीइतकं भरून घ्यायला परवानगी. सगळ्यांना ते रास्त वाटलं. तिलाही.

त्या हंगामात नट्याची नवी गाडी आली आणि पहिल्याच शर्यतीत बाकीच्यांना धूळ चारून गेली. दुसऱ्या शर्यतीतही तेच. इंजिन बाकीच्यांसारखंच, टायर बाकीच्यांसारखेच. चढावर मात्र ती असा वेग उचलायची, जणू तिच्या पाठीवरचं ओझं कुणी काढून घेतलंय. शर्यत संपल्यावर नट्या गाडी काट्याजवळ आणायचा, डबे घेऊन पाणी भरायचा, तेल बघायचा, आणि काटा बरोबर वजन दाखवायचा.

"पाणी जरा जास्तच लागतं रे तुझ्या गाडीला," ती एकदा म्हणाली.

"ब्रेकसाठी ताई. सीटच्या मागं टाकी आहे. ब्रेक तापतात ना, त्यांच्यावर पाणी सोडतो मी. नवीन युक्ती आहे." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की तिच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी पत्ते लपवताना तो असाच सहज बोलायचा.

दरम्यान मैदानावर कुजबुज सुरू झाली होती. चहाच्या टपरीवर ती गेली की बोलणी थांबायची. एकदा एक लेथवाला तिच्याकडे पाठ करून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "काटा बहिणीचा, गाडी भावाची. मग काय, तोलमोल घरातच!" तिनं मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही.

"अगं, तुला काय वाटतं ते सांग ना," नवरा म्हणाला.

"मला वाटतं त्याची गाडी काट्यावर एक असते आणि रस्त्यावर दुसरीच."

"मग?"

"मग मी काट्यावर बसून काय बघणार? काट्यावर तर तो मला दाखवायचं तेच दाखवतो."

पुढच्या शर्यतीला तिनं काटा मदतनिसाच्या हवाली केला आणि छत्री घेऊन पहिल्या वळणावर, झेंडेवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ऊन रणरणत होतं, रस्ता तव्यासारखा कोरडा. गाड्या सुटल्या. धुळीच्या लोटातून आधी नट्याची गाडी आली आणि वळण घेऊन गेली. तिच्यामागे रस्त्यावर पाण्याच्या दोन ओल्या रेघा होत्या, सरळ, नळ उघडा राहिल्यासारख्या. मागच्या गाड्यांनी त्या पुसून टाकल्या. दुसऱ्या फेरीला ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. नट्याची गाडी गेली. रस्ता कोरडा. तिसऱ्या फेरीलाही कोरडाच.

झेंडेवाला म्हणाला, "बाई, ऊन लागलं का? चेहरा उतरलाय."

"ऊन नाही लागलं," ती म्हणाली.

शर्यत संपल्यावर तिनं कुणाला काही न सांगता गाडीच्या चाकाशी वाकून पाहिलं. टाकीपासून आलेल्या नळ्यांची तोंडं ब्रेककडे नव्हतीच, खाली रस्त्याकडे होती. ब्रेकच्या ड्रमवर काळी भुकटी साचली होती, कोरडी ठणठणीत. त्या ब्रेकनं पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. एका धडधाकट माणसाच्या वजनाइतकं पाणी पहिल्या फेरीत रस्त्यावर ओतायचं, हलक्या गाडीनं शर्यत मारायची, आणि नंतर तिनंच घातलेल्या वाक्याचा हात धरून पुन्हा भरून घ्यायचं. दूधवाले दुधात पाणी घालतात. यानं पाणी काढून चोरी केली होती.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत घर होतं. भावजय दारातच म्हणाली, "या वन्सं," आणि तिचा चेहरा बघून चहाचं आधण ठेवायला आत वळली. नट्या हात पुसत आला.

"तुझ्या नळ्या रस्त्याकडे तोंड करून आहेत," ती म्हणाली.

तो गडबडला नाही. स्टूल ओढून बसला. "नियम वाच ताई. पाणी भरायला परवानगी आहे. कुठलं पाणी, किती पाणी, काही लिहिलेलं नाही. तूच लिहिलंयस."

"मी रेडिएटरसाठी लिहिलं होतं."

"तुझ्या मनात काय होतं ते मला काय माहीत? मी कागदावरचं वाचतो." मग त्याचा आवाज चढला. "आणि मीच एकटा आहे का? तो वेल्डर वाऱ्यानं गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून पत्रा खालून कसा वाकवतो, बघितलंस? त्याला सगळे डोकेबाज म्हणतात. नियमाच्या फटीतून वाट काढायची, हाच तर खेळ आहे. दुसऱ्यानं केलं की हुशारी, नट्यानं केलं की चोरी?"

"ज्याची गाडी मोडली तो माणूस अजून कुबड्या घेऊन चालतो," ती म्हणाली. "वजनाचा नियम तुम्हा लोकांची हाडं शाबूत राहावीत म्हणून आहे. तुझी गाडी किती हलकी केलीयस? सांगाड्याच्या नळ्या किती बारीक आहेत?"

यावर तो पुसलेले हात पुन्हा पुसू लागला. आतून भावजय म्हणाली, "बारीक आहेत वन्सं. मी सांगून थकले. तुम्हीच सांगा आता."

"पुढच्या वेळी पाणी भर हवं तितकं," ती उठत म्हणाली. "पण शर्यत सुरू होण्याआधी त्या टाकीच्या झाकणाला माझं सील लागेल. वजन होईपर्यंत ते उघडायचं नाही."

"असा नियम नाही!"

"सील लावायचं नाही, असाही नाही. मीही कागदच वाचते."

चहा तसाच राहिला.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी ती पकड आणि शिशाच्या गोळ्या घेऊन गेली. सगळ्यांच्या देखत तिनं झाकणाला तार ओवली, शिसं दाबलं. मंडळी टाचा उंचावून बघत होती. नट्या चिडला असता, भांडला असता, तर ती निर्धास्त झाली असती. तो चक्क हसत होता. "नीट दाब ताई," म्हणाला. झालं, तिनं तार पुन्हा एकदा ओढून पाहिली. हा हसतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि नट्या जिंकला. नुसता जिंकला नाही, वळणांवर एकेकाला गाठून मागं टाकत जिंकला. बाकीचे वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबायचे, हा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत तसाच सुसाट जायचा. गाडी काट्यावर आली. सील शाबूत. टाकी वाजवून पाहिली, रिकामी. काटा थरथरला आणि थांबला. वजन भरलं होतं. वर थोडं जास्तच.

तिनं काट्याच्या सांध्यात खडा अडकलाय का पाहिलं. काटा रिकामा करून पुन्हा वजन घेतलं. मग म्हणाली, "गाडी जॅकवर घ्या. चाकं काढा."

"ताई, काही नाही त्यात," नट्या म्हणाला. आता तो हसत नव्हता. "खरंच काही नाही."

"चाकं काढा."

सीटखाली लोखंडाची जाड पाटी बोल्टनं आवळलेली होती, उघड, लाल रंग देऊन. वजन तिथून आलं होतं, आणि तशी पाटी लावायला कुणाचीच मनाई नव्हती. सांगाड्याला नवे, जाड आडवे दांडे जोडलेले होते. तिनं टाकीच्या पाण्याच्या नळ्या पाहिल्या. त्यांची तोंडं फिरवलेली होती. ती आता थेट ब्रेकच्या ड्रमवर रोखलेली होती. तिनं ड्रमवर हात ठेवला. कोमट. मग ती दुसऱ्या नंबरच्या गाडीपाशी गेली, तिच्या ड्रमजवळ हात नेला आणि चटका बसायच्या आत मागे घेतला. पुन्हा येऊन भावाच्या गाडीचा ड्रम चाचपला. तिसऱ्यांदाही चाचपला. कोमटच.

"म्हटलं, पाणी न्यायचंच आहे तर फुकट कशाला सांडायचं?" नट्या तिच्या शेजारी उकिडवा बसला. "तोंडं फिरवून बघितली. आणि ताई, ब्रेक धरतात गं! शेवटच्या फेरीपर्यंत धरतात. मी तुला थाप मारली होती ना, ती खरीच निघाली." त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखी चमक होती. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

शाबास म्हणायला तिची जीभ रेटेना. मनातलं एक बोट अजून टाकीच्या तळाशी टिचकी मारतच होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "वजन बरोबर आहे."

"एवढंच?"

"एवढंच माझं काम आहे."

तो चाकं बसवायला वळला. त्या दिवशी तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही.

पण बाकीच्यांना हे पचलं नाही. वळणावर पाणी सांडतं, मागच्या गाड्या घसरतील, अशी तक्रार आली आणि मंडळाची बैठक भरली. पाणी ड्रमवर पडताच वाफ होऊन जातं, रस्त्यावर येतच नाही, हे तिनं मधल्या एका शर्यतीत पुन्हा त्याच वळणावर उभं राहून पाहिलं होतं. बैठकीत ती उठली आणि हे सगळं सांगितलं. ड्रमला हात लावून पाहिलाय, म्हणाली. चोरी होती तेव्हा मीच पकडली, आता ही चोरी नाही, म्हणाली.

कुणी वाद घातला नाही. लेथवाला खिडकीबाहेर बघत होता. अध्यक्ष मायेनं म्हणाले, "बाई, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. शेवटी भाऊ आहे." आणि ब्रेकवर पाणी सोडायला बंदी झाली.

उभा जन्म तिनं समोरच्याचं बोलणं पारखून घेतलं होतं. आपलं बोलणं असं न तोलताच बाजूला ठेवलं जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं काट्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती घरी आली. नवऱ्यानं तिचं ताट वाढलं. ताटावर बसल्यावर ती म्हणाली, "तो खरं बोलत होता आणि मला तीनदा हात लावावा लागला."

काट्यावर मग एक शाळामास्तर आले. सज्जन माणूस. सगळ्यांना नमस्कार करायचे आणि सांगाल ते लिहून घ्यायचे. ती मैदानावर जाईनाशी झाली. नट्याशी बोलणं होतं, पण भावजयीच्या मार्फत. निरोप जायचे, निरोप यायचे.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी तो स्वतःच दारात उभा राहिला. भावोजींना नमस्कार केला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, "ताई, तू काट्यावर परत ये. मास्तरांच्या डोळ्यांदेखत लोक लुटतायत. कुणी शर्यत संपली की सीटमध्ये वाळूची पिशवी घालतं आणि वजन झालं की काढतं. कुणी तेलाच्या नावाखाली शिशाच्या गोळ्या ओततं. प्रामाणिक माणसानं जिंकायचं कसं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, डोळेही सरळ होते. नवरा आतल्या खोलीतून कान देऊन ऐकत होता.

"वाळूच्या पिशवीचं तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"पिशवी वजन झाल्यावर काढतात, सगळ्यांच्या नजरेआड. तुला कुणी दाखवली?"

नट्या आधी रागावला, मग हसायला लागला, मग हसता हसता जरासा थांबला. ती अजून त्याच्याकडेच बघत होती.

"येते मी काट्यावर," ती म्हणाली. "पण पहिली तुझी गाडी चढवायची."