आधीचा फोटो

"चप्पल काढा त्याची. चप्पल दिसली तर बाहेरचे लोक पैसे कशाला पाठवतील?"

संस्थेचे साहेब माझ्या बापाला म्हणाले. कोल्हापुरात, संस्थेच्या अंगणात, भर उन्हात. माझ्या शाळेचा खर्च संस्था करणार होती. त्यासाठी परदेशी पाठवायला आणि ऑफिसच्या भिंतीवर लावायला माझा फोटो हवा होता.

आम्ही चांभार. फोटो आहे म्हणून बापानं मुद्दाम माझ्या मापाची जोडी केली होती, करकर वाजणारी. ती घालून मी अख्ख्या गल्लीतनं मिरवत आलो होतो.

"व्हय साहेब," बाप म्हणाला. वाकला. स्वतःच्या हातानं माझ्या पायातली जोडी काढली, काखेत धरली. फरशी तापलेली. फोटो निघाला.

वाटेत बाप म्हणाला, "घाल की आता."

"न्हाई घालत."

घरापर्यंत अनवाणी आलो. पुढं कितीतरी वर्षं मनातल्या मनात बापाला लाचार म्हणत राहिलो. तो गेला तेव्हाही म्हणतच होतो.

शिकलो. लग्नांचं शूटिंग करायला लागलो. सन दोन हजार उलटल्यावर त्याच संस्थेनं मला नेपाळला नेलं. तिथं त्यांचं बायकांना शिवणकाम शिकवायचं केंद्र होतं, त्याची फिल्म करायची होती. माझा कॅमेरा कागल, पेठ वडगावच्या पलीकडं गेला नव्हता. आता विमानात बसला. मी गल्लीत पेढे वाटले.

केंद्रात शिकलेली एक बाई आता स्वतः कपडे शिवून विकत होती. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "हिचा शिकण्याआधीचा शॉट राहिलाय. आत्ताच घेऊन टाक. जरा गरीब दिसू दे."

मी तिच्या पायांकडं बघितलं. कोरे बूट. बुटांचं मॅडम काही बोलल्या नव्हत्या. मीच बोललो.

"दीदी, जूते उतार दो."

"अपनी कमाई के हैं," ती म्हणाली.

"फिर भी."

तिनं काढले. खाली ठेवले नाहीत. काखेत धरले.

तरी मी बटण दाबलं. हे लपवून काय करू? दाबलं.

मॅडम मागून म्हणाल्या, "अरे, बूट दिसतायत. बाजूला ठेवायला सांग."

"न्हाई सांगत."

कॅमेरा बंद केला. कॅसेट काढली, आतली फीत ओढून तिचा गुंता करून टाकला.

"या संस्थेनं तुला माणसात आणलं, विसरलास?"

"माणसात मी आधीपास्नंच हुतो, मॅडम."

बाईला म्हणालो, "पहन लो दीदी. माफ करो." तिनं बूट घातले. माझ्याकडं न बघता आत गेली. तिनं माफ केलं नाही. का करावं?

बाप माझ्या शाळेसाठी गप्प बसला होता. मी बोललो ते पुढच्या विमानासाठी. आमच्यात लाचार कोण, हे मला परक्या मुलखात कळलं, आणि ज्याला सांगायचं तो आता नाही. ही टोचणी जाणार नाही. जाऊही नये.

संस्थेचं काम सुटलं. पण माझा तो अनवाणी फोटो त्यांच्या भिंतीवर अजून आहे. उद्या तो काढायला जाणार आहे. दिला तर ठीक, नाही दिला तर ओढून काढीन. आणि चप्पल घालूनच आत शिरीन. वाजू दे करकर.